खोली नंबर सहा आणि वीस सेकंदांचा आ

खोली नंबर सहाचं दार नीट बंद व्हायचं. आता यात कथा सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण त्या रुग्णालयाच्या समुपदेशन विभागात समुपदेशक पाच होते आणि दार एकच होतं. बाकीचे चौघं प्लायवूडच्या आडोशांमागे बसायचे. तिथे पलीकडच्या बाईचं जावेशी का बिनसलं हे अलीकडच्या बाईला आधी कळायचं, आणि ती स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तिथूनच सल्ला द्यायची.

खोली नंबर सहात एकोणीस वर्षं ताई बसत होत्या. त्यांना साहेबांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळेच ताई म्हणत. काम ऐकण्याचं. लोक येत, रडत, चिडत, आणि ताई मान हलवून ‘हं’ म्हणत. घरी नवऱ्याचं म्हणणं असं, की एका ‘हं’वर पगार घेणारी बाई त्याने दुसरी पाहिलेली नाही.

दर मंगळवारी अकरा वाजता तिथे शिंपीकाका यायचे. बायको जाऊन वर्ष झालं होतं, आणि मुलाने ‘कुणाशी तरी बोला’ म्हणून आणून बसवलं होतं. बसवलं ते बसले. पहिले तीन महिने ते फक्त हवेबद्दल आणि कापडाबद्दल बोलले. ताईंच्या पडद्याची शिवण उसवलीय हे त्यांनी दोनदा सांगितलं. चौथ्या महिन्यात एकदा दाराकडे बघून म्हणाले, “ताई, ही खोली बदलणार नाही ना? इथे जरा बरं वाटतं.”

“ही खोली कुठं जात नाही काका, आणि मीही नाही.”

असली वाक्यं माणसाने बोलूच नयेत. इकडे तोंडातून गेली, की तिकडे कुठल्यातरी टेबलावर परिपत्रक टाइप व्हायला लागतं.

विभागप्रमुख तीन दिवस कुठल्याशा परिषदेला गेले होते. येताना त्यांनी एक पिशवी, एक पाण्याची बाटली आणि एक नवा विचार आणला. पिशवी आणि बाटली चांगली टिकाऊ निघाली. विचार असा, की यापुढे विभागात सूर आणि आवाज यांच्या मदतीनेही उपचार होतील. त्यासाठी दाराची खोली हवी. म्हणजे खोली नंबर सहा. ती ‘स्वरकक्ष’ होणार, आणि तिथे प्रमाणपत्र असलेली व्यक्ती बसणार.

“तुमचा अनुभव बघून पहिली संधी तुम्हाला,” साहेब म्हणाले. “सहा रविवार, तीस सराव, एक परीक्षा. गाणं येतं ना?”

“बाथरूमपुरतं,” ताई म्हणाल्या.

हे साफ खोटं होतं. ताई बाथरूममध्येही गात नसत. चौथीत गाण्याच्या बाईंनी त्यांना मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, “तू नुसते ओठ हलव.” ताई आज्ञाधारक. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी नुसते ओठ हलवले. वाढदिवसाला हलवले, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलीबरोबर हलवले, लग्नात फोटोग्राफरकडे बघून हलवले. आणि ते इतके बेमालूम, की एका आत्यांनी ‘हिचा आवाज गोड आहे हं’ असं सर्टिफिकेटही देऊन ठेवलं होतं.

पण खोली जाणार म्हटल्यावर पर्याय नव्हता. शिंपीकाकांना प्लायवूडमागे बसवलं असतं तर ते पुन्हा हवेवर गेले असते, आणि तिथून त्यांना परत आणायला आणखी चार महिने.

पहिल्या रविवारी एका नृत्यवर्गाच्या हॉलमध्ये बारा समुपदेशक जमले. तीन भिंतींना आरसे. प्रशिक्षक बाई उंच, सडपातळ, आणि आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. बारा माणसं एकदम पुढे वाकली की आरशांत आणखी छत्तीस वाकत.

“गाणं विसरा,” बाई म्हणाल्या. “सूर सुंदर नकोय, सोबतीला हवाय. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या घशातून नुसता आवाज निघाला तरी छातीवरचं काहीतरी हलतं. एकट्याने काढायला माणूस लाजतो, म्हणून आपण त्याच्याबरोबर काढायचा. एक श्वास, एक स्वर, शब्द नाहीत. चला. ज्याला वाटेल त्याने सुरुवात करा.”

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. समुपदेशकाला पहिल्या वर्षी शिकवतात, की शांतता मोडायची नाही. समोरच्याला वेळ द्यायचा. आपण आधी बोललो, तर समोरच्याची संधी गेली. आता असे मुरलेले बाराजण गोलात बसवून ‘ज्याला वाटेल त्याने’ म्हटलं, तर काय होणार? प्रत्येकजण उरलेल्या अकरांना वेळ देऊ लागला. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच मायाळू, ‘घाई नाही, सावकाश’ असं हसू. दहा मिनिटं झाली. वीस झाली. प्रशिक्षक बाई मूळच्या समुपदेशकच, त्याही मोडेनात. एका गृहस्थांचं पोट गुरगुरलं, तेव्हा दोघीजणींनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. त्यांना वाटलं, झाली सुरुवात.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला हॉल झाडायला आलेल्या मावशींनी दारातून डोकं घातलं आणि हळूच विचारलं, “कोण गेलं?”

बाराच्या बारा जण एकदम म्हणाले, “असं का वाटलं तुम्हाला?”

मावशी चमकल्या. मग झाडू भिंतीला टेकवून खाली बसल्या आणि त्यांनी त्यांच्या धाकट्या भावाची सगळी कहाणी अर्धा तास सांगितली. त्यांना फार मोकळं वाटलं. हॉल तसाच राहिला. पहिल्या रविवारी अशा रीतीने एकही सूर न निघता एक माणूस मात्र बरा झाला.

दुसऱ्या रविवारी बाईंनी अनुभवाने शहाणं होऊन क्रम लावून दिला. ‘आ’ किमान वीस सेकंद टिकला पाहिजे. ताईंचा सात टिकला, त्यातले शेवटचे तीन खोकल्याचे.

मग सराव-वही मिळाली. अर्ध्या तासाचा एक असे तीस सराव, प्रत्येकाला श्रोता हवा, आणि श्रोता नातेवाईक नको. नातेवाईक खरं सांगत नाहीत, असं त्यात छापलं होतं. हे ज्याने छापलं त्याला ताईंच्या घरी चार दिवस ठेवायला हवं होतं.

घरी नवरा आणि कॉलेजातली मुलगी. नवरा लिफ्ट तपासनीस. आयुष्यभर लोखंडाचे आवाज ऐकून त्याचा कान असा तयार झाला होता, की तो जेवतानाही फ्रिजकडे संशयाने बघे. ताईंचा पहिला ‘आ’ ऐकून त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“अगं, बेअरिंग गेलंय.”

“कशाचं?”

“तुझं. सुरुवातीला बरं चालतंय, लोड आला की घासतंय.”

“अहो, मी लिफ्ट नाही!”

“तेच तर. लिफ्ट असतीस तर दहा मिनिटांचं काम होतं.”

मुलगी मोबाइलवर सेकंद मोजायची. “आई, आठ! कालच्यापेक्षा एक जास्त. पण आई, प्लीज, मैत्रिणी फोनवर असताना नको.”

बाईंनी सांगितलं होतं, आवाज घुमेल अशी जागा निवडा. म्हणून ताई सकाळी सव्वासहाला बाथरूममध्ये उभ्या राहू लागल्या. आवाज घुमला. सहा मजल्यांच्या बारा बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, हे इमारतीचा नकाशा काढणाऱ्याला माहीत होतं, ताईंना नव्हतं. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टर तोंडाला फेस असतानाच धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी ओल्या फरशीवरून पडलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्यांनी गिझर दुरुस्तीवाला बोलावला. तिसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस लागली: ‘काही सदस्यांच्या बाथरूममधून सकाळी मनुष्यसदृश आवाज येत असल्याची तक्रार आहे. संबंधितांनी दक्षता घ्यावी.’

‘मनुष्यसदृश’ हा शब्द ताईंच्या जिव्हारी लागला. तक्रार असो, नोटीस असो, पण सदृश? एकदा त्या पेन घेऊन खालीही गेल्या होत्या. पण तो शब्द खोडायचा तर नाव सांगावं लागलं असतं.

नाव मात्र न सांगताच फुटलं, आणि सल्ले सुरू झाले. एकीने कोमट पाणी आणि मध सांगितला. दुसरीने मध अजिबात नको सांगितलं. एका काकांनी दातात पेन्सिल धरून ‘आ’ करायला सुचवलं. दाताच्या डॉक्टरांनी ते काका कोण, एवढंच विचारलं. ज्यांनी जन्मात कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, असे सगळे ऐकण्याबद्दल बोलू लागले. श्रोता होऊन सही करायला मात्र एकही तयार होईना.

शेवटी पाचव्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर पुढे आले. “विद्यादानाचं काम आहे, मी येतो,” म्हणाले. रोज संध्याकाळी सहाला ते आपली खुर्ची आणि लाल पेन घेऊन येत. खुर्ची स्वतःची, कारण आमच्या पिढीला सोफ्यावर ऐकता येत नाही म्हणे.

“उच्चार स्पष्ट नाही,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

“सर, ‘आ’ला उच्चार कसला?”

“तोच तर प्रश्न आहे.”

सहीच्या चौकटीशेजारी ते शेरा मारत आणि दहापैकी गुण देत. ‘तीन. प्रयत्न प्रामाणिक.’ ‘साडेतीन. मन घरकामात.’ ‘दोन. कालचे विसरली.’ पंचाऐंशी हजार पेपर तपासलेला हात तो, थांबणार कसा? सतराव्या दिवशी ‘पाच. बेशिस्त कमी’ असा शेरा आला, तेव्हा ताईंनी तो नवऱ्याला वाचून दाखवला आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन वही मिटली.

तीसही सह्या भरून वही प्रशिक्षक बाईंकडे गेली. बाईंनी पानं उलटली. त्यांचा मऊ आवाज आणखी मऊ झाला. “ताई, आपल्या पद्धतीत आवाजाला गुण देत नाहीत. श्रोत्याने मूल्यमापन करायचं नसतं. ही पानं धरता येणार नाहीत.”

“किती पानं?”

“सगळीच.”

परीक्षेला उरले पंधरा दिवस. म्हणजे रोज दोन सराव. हेडमास्तरांना ‘फक्त सही करा’ हे सांगणं ताईंच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीतलं सर्वांत अवघड समुपदेशन ठरलं.

“नुसती सही? मग शेरा कुठे लिहू?”

“लिहू नका ना सर.”

“अहो, न लिहिलेला शेरा डोक्यात राहतो. मला झोप लागत नाही.”

तडजोड अशी निघाली, की शेरे ते आपल्या वेगळ्या वहीत लिहितील. त्या वहीत शेवटचा आकडा साडेसहा होता, असं ताईंना नंतर जिन्यात कळलं. त्या दिवशी ‘आ’ सोळा सेकंदांवर पोचला होता. सोळाच्या पुढे घसा जाईना. नवऱ्याच्या भाषेत, सोळाव्या मजल्यावर अडकली.

परीक्षा खोली नंबर सहातच, खऱ्या सेवार्थीबरोबर, म्हणजे समुपदेशनाला येणाऱ्या माणसाबरोबर, दहा मिनिटांची. ताईंनी शिंपीकाकांना संकोचत विचारलं.

“तुमची परीक्षा?” काकांना गंमत वाटली. “येतो की. चांगला सदरा घालून येतो.”

ते आले. कडक इस्त्रीचा सदरा. प्रशिक्षक बाई कोपऱ्यात फाइल घेऊन बसल्या. ताईंनी काकांना सांगितलं की मी एक स्वर धरेन, वाटलं तर तुम्हीही धरा, नाही वाटलं तर नका धरू. मग त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ओठ हलले. फक्त ओठ. आकार अगदी नमुनेदार, आवाज शून्य. प्रशिक्षक बाईंना वाटलं, आपल्यासारखाच मऊ लागलाय. त्या ऐकायला पुढे वाकल्या. आणखी वाकल्या. खुर्ची करकरली, तेवढाच खोलीतला सूर.

ताईंनी पुन्हा श्वास घेतला. डोळ्यांसमोर प्लायवूड दिसायला लागलं.

काका बघत होते. तोंड उघडलंय आणि आतून काही येत नाही, हे ते त्या खुर्चीत बसून सात महिने स्वतः करत आले होते. त्यांनी ओळखलं. ओठ मिटले आणि घशातून हलकेच काढलं: “म्म्म्म…” शिंप्याच्या तोंडात जन्मभर टाचण्या असतात. ओठ न उघडता बोलायची, गुणगुणायची सवय त्यांना पक्की. सूर जाडाभरडा, पण पायाखाली फळी टाकावी तसा. ताईंचा आवाज त्या फळीवर पाय टाकून कसाबसा बाहेर आला. गंजलेल्या बिजागरीसारखा आला, पण आला. दोघांनी तो दहा मिनिटं, श्वास घेत घेत, धरून ठेवला.

बाईंनी लिहिलं: ‘आरंभ सेवार्थीने केला. सोबत उत्तम. उत्तीर्ण.’

ताईंनी घरी जाऊन मुलीला मिठी मारली, नवऱ्याला प्रमाणपत्र दाखवलं आणि हेडमास्तरांना पेढ्याऐवजी नवं लाल पेन दिलं. हे सुख बरोबर एक दिवस टिकलं.

खोली नंबर सहाच्या भिंतीपलीकडे कानतपासणीची खोली होती. तिथे पेशंटच्या कानांना यंत्र लावतात, त्यातून बारीक आवाज सोडतात, आणि ऐकू आला की पेशंटने बोट वर करायचं. परीक्षेच्या त्या दहा मिनिटांत यंत्रातून काहीही सोडलेलं नसताना बोटं वर होत होती. एका आजोबांना चार वर्षांत काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं होतं. त्यांनी एकदम दोन्ही हात वर केले आणि आनंदाने रडायला लागले. त्यांच्या घरच्यांनी बाहेर मिठाई वाटली. दुसऱ्या दिवशी कान तपासणाऱ्या बाईंना त्यांना परत बोलावून वस्तुस्थिती सांगावी लागली, आणि ती लिहून सांगावी लागली.

मग त्याच बाईंनी तीन पानी तक्रार केली. साहेबांनी अर्ध्या पानाचं परिपत्रक काढलं: स्वरकक्ष तळघरात, पंपाच्या खोलीलगत हलवण्यात येत आहे. प्रमाणपत्रधारकाने तिथे तात्काळ रुजू व्हावं. खोली नंबर सहा प्रमाणपत्र नसलेल्या समुपदेशकाला देण्यात येईल.

ती मिळाली ताईंच्या त्या सहकारी बाईंना, ज्यांनी पहिल्याच दिवशी ‘मला नाही बाई जमायचं’ म्हणून हात वर केले होते.

ताई तडक साहेबांकडे गेल्या. “साहेब, मला नापास करा.”

“असं कसं? तुम्ही उत्तीर्ण आहात.”

“चुकून झाले. माझा ‘आ’ सोळाच सेकंदांचा आहे. वीसचा नियम आहे.”

साहेबांनी फाइल चाळली. “उत्तीर्णाला अनुत्तीर्ण करण्याची तरतूद नाही, ताई. आजवर कुणी मागितलीच नाही.”

तळघरात तीन मोडके पलंग, एक ट्यूबलाइट आणि लोखंडी दार. लाथ मारल्याशिवाय ते बंद होत नव्हतं, आणि लाथ मारल्याशिवाय उघडतही नव्हतं. ताईंनी दोन खुर्च्या पुसल्या, खोली सहाचा उसवलेला पडदा पलंगांवर टाकला आणि मंगळवारी पावणेअकराला जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पेशंटला काय सांगायचं याची तालीम त्यांनी पहिल्यांदाच केली होती, आणि ऐन वेळी त्या ती विसरल्या.

“काका, मी म्हटलं होतं खोली कुठं जाणार नाही… ती गेली.”

काकांनी खाली अंधाराकडे पाहिलं. “तुम्ही आहात ना? मग अर्धं तरी खरं झालं. चला.”

बसले. हवेबद्दल बोलायची सोय नव्हती, तिथे हवाच नव्हती. अकरा वाजून दहा मिनिटांनी शेजारचा पंप सुरू झाला. घूंऽऽऽ असा एक आवाज, आणि त्याच्याखाली दुसरा, घर्र करत फरफटत येणारा. ताईंनी कपाळाला हात लावला. त्या माफी मागायला तोंड उघडणार, तोच काकांनी बोट वर केलं.

“दोन आहेत.”

“काय दोन?”

“आवाज. एक वरचा, एक खालचा.” काका ऐकत राहिले. “आमच्या दुकानात दोन मशिनी. माझी मोटरवाली, हिची पायाची. अडतीस वर्षं दोन्ही बरोबर चालल्या. आता एकच चालते. गिऱ्हाईक म्हणतं, काका, हात तोच आहे तुमचा. पण मला दुकानात बसवत नाही ताई. एका मशिनीचा आवाज लंगडा वाटतो. हे मुलाला काय सांगू? तो म्हणेल, नवी मशीन घेऊन देतो.”

सात महिन्यांत काका एवढं सलग पहिल्यांदाच बोलले. ताई ‘हं’ म्हणाल्या. तो ‘हं’ त्यांनी तोडला नाही, तसाच धरून ठेवला, पंपाच्या वरच्या आवाजाला लावून. काकांनी ओठ मिटून खालचा धरला. टाकी भरेपर्यंत, वीस मिनिटं. मग पंप थांबला. काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “पुढच्या मंगळवारी पंप अकरालाच लावतील का?”

त्यासाठी ताईंना पाणीपुरवठा विभागाकडे अर्ज करावा लागला. अर्जात कारण काय लिहिलं, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या मंगळवारी रुग्णालयाच्या लिफ्टची वार्षिक तपासणी होती. तपासनीस म्हणून नवरा आला. लिफ्टचा खड्डा तळघरातच. अकरा वाजले होते, पंप नुकताच सुरू झाला होता, आणि शिंपीकाकांच्या चपला जिन्यावर वाजत होत्या. ताई दाराला लाथ मारून बाहेर येतात तो काय, नवरा पंपाशी ओणवा! स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ कानाला, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशीही नव्हता असा आनंद.

“अगं, हे खालचं घर्र ऐकतेस ना? बेअरिंग गेलंय याचं! कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? दहा मिनिटांचं काम आहे, तू बस, मी आत्ता…” आणि त्याने पिशवीतून पाना काढला.

“अहो, हात लावू नकाऽऽऽ!”

तो ‘नका’ तळघराच्या चारी भिंतींवर आपटला, मोडक्या पलंगांच्या स्प्रिंगा झणझणवत जिन्यात शिरला, काकांच्या अंगावरून वर गेला आणि थांबेचना. नवऱ्याचा पाना हवेत राहिला. घरच्या सवयीने त्याचे डोळे घड्याळावर गेले.

आवाज संपला, तेव्हा तो हळूच म्हणाला, “एकवीस.”

जिन्यावर काका थबकून उभे होते. पंप आपला दोन्ही आवाजांत चालू होता. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. दोन मजले वरून कान तपासणाऱ्या बाई बोलत होत्या, आणि पुढच्या तक्रारीचं पेन त्यांच्या हातात आहे हे आवाजावरून कळत होतं.

“ताई, माझ्या पेशंटने आत्ता बोट वर केलं. मी यंत्रातून काही सोडलेलं नाही. तो आवाज पंपाचा होता का?”

ताईंनी नवऱ्याच्या हातातून पाना काढून घेतला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “माझा.”